मूल्ये वेळापत्रकात शोधावीत: अमेरिकेतील मराठी पालकांस खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील सरकारी शाळांत मुले पाठवणारे मराठी पालक

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षीच्या गणिताच्या तुकड्या ठरवण्याची वेळ आली की आपल्या पालकांच्या गटांत एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. ‘चिनी मुले कुठे पोहोचली पाहा, आणि आपल्या शाळेत अजून रंगीत कागद कापणे चालले आहे,’ असे एक बाजू म्हणते. ‘हेच करायचे होते तर भारत सोडून इथे कशाला आलो?’ असे दुसरी बाजू विचारते. मग पहिली बाजू मुलाला आणखी एका शिकवणीला घालते, दुसरी बाजू फुटबॉलच्या मैदानावर नेते, आणि दोघांनाही आपण एका संस्कृतीची बाजू घेतली असे वाटते. सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवणारी शिक्षिका म्हणून या दोन्ही बाजू माझ्या वर्गाच्या दाराशी येतात. चीन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या शाळांविषयी आपण जे धरून चालतो त्यातले बरेचसे अर्धे आहे, आणि त्या अर्ध्या माहितीवर आपण आपल्या शाळांकडे चुकीच्या मागण्या करत आहोत, असे माझे मत झाले आहे. म्हणून हे पत्र.

सुरुवात ज्या अभ्यासांचा हवाला आपल्याकडे नकळत दिला जातो त्यांच्यापासून करते. मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड स्टीव्हनसन आणि त्यांचे सहकारी जेम्स स्टिगलर यांनी १९८० च्या सुमारास मिनियापोलिस, तैपेई आणि जपानमधील सेंदाई या शहरांतील पहिली व पाचवीच्या मुलांचा तौलनिक अभ्यास सुरू केला. नंतरच्या वर्षांत त्यात शिकागो आणि बीजिंग यांचीही भर पडली. गणितात अमेरिकन मुले मागे होती आणि पाचवीपर्यंत ती आणखी मागे पडत होती. मात्र त्या मुलांच्या आयांना विचारले, तेव्हा आपल्या मुलाच्या प्रगतीवर आणि शाळेवर सर्वांत अधिक समाधानी असलेल्या आया अमेरिकन निघाल्या. यश कशावर ठरते या प्रश्नावर अमेरिकन आयांनी उपजत बुद्धीला इतरांपेक्षा जास्त वजन दिले, तर चिनी आणि जपानी आयांनी मेहनतीला.

या निष्कर्षाचा आपल्याकडे फार सोयीचा अर्थ लावला जातो: मुलाला जास्त राबवा. पण मेहनतीवरचा विश्वास शाळेच्या रचनेत उतरला की काय होते ते पाहण्यासारखे आहे. गणित हे मेहनतीने येते असे ज्या समाजाला वाटते तो समाज सात-आठ वर्षांच्या मुलांना हुशार, मध्यम आणि कच्चे अशा चाळण्यांतून काढत नाही. चीनच्या प्राथमिक शाळेत सर्वसाधारणपणे एका इयत्तेची सगळी मुले एकच पुस्तक एकाच गतीने पुरे करतात, आणि मागे राहिलेल्याला शिक्षक मधल्या सुटीत बसवून घेतो. निवडक शाळा आणि निवडक तुकड्या तिथेही आहेत, पण खरी चाळणी पुढे, परीक्षेच्या वेळी लागते, आणि ती निर्दय असते. याउलट लहानपणीच ‘गिफ्टेड’ ठरवून वेगळा वर्ग देणे ही बुद्धी उपजत असते असे मानणाऱ्या समाजाची पद्धत आहे. तेव्हा चीनचे उदाहरण देऊन तिसरीच्या मुलांसाठी वेगळ्या वरच्या तुकडीची मागणी करणारे आपले पालक, त्यांना कल्पना नसली तरी, अगदी अस्सल अमेरिकन मागणी करत असतात.

चीनमध्ये मेहनतीवरचा हा विश्वास एवढा खोल का रुजला, याचे उत्तर बरेचसे परीक्षेच्या इतिहासात सापडते. सुई राजवटीच्या काळात सुरू झालेली शाही सेवेची परीक्षा सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ साली बंद झाली. वर्षानुवर्षे अभ्यासाला बसवणे परवडेल अशा घरांपुरतीच ती प्रत्यक्षात खुली होती आणि स्त्रियांना तर ती बंदच होती. तरीही जन्मापेक्षा उत्तरपत्रिका मोठी ठरू शकते, ही कल्पना तिने समाजात पक्की केली. त्या कल्पनेला आधुनिक काळात पुन्हा धार आली ती १९७७ च्या हिवाळ्यात. सांस्कृतिक क्रांतीच्या आरंभी, १९६६ साली, बंद पडलेली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, म्हणजे गाओकाओ, त्या वर्षी परत सुरू झाली. सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि जागा जेमतेम पावणेतीन लाखांच्या आसपास होत्या. खेड्यांत पाठवलेले, शेतात आणि कारखान्यांत तारुण्याची दहा वर्षे घालवलेले लोक आपल्याहून पुष्कळ लहान मुलांच्या शेजारी बसून पेपर लिहीत होते. वशिल्याविना उघडणारा एकच दरवाजा, अशी त्या पिढीच्या मनात परीक्षेची जागा झाली, आणि त्याच पिढीने पुढची पिढी वाढवली. चिनी आईच्या कडकपणाला केवळ स्वभाव म्हणणाऱ्यांनी हा एक हिवाळा लक्षात ठेवावा.

त्या दरवाज्याची किंमतही तितकीच मोठी आहे. २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुले गाओकाओला बसली. त्याआधी, नववीनंतर, आणखी एक परीक्षा मुलांचा मोठा हिस्सा व्यवसाय शिक्षणाकडे वळवून टाकते, म्हणजे पंधराव्या वर्षीच वाट बहुधा ठरून जाते. शिवाय हुकोउ ही रहिवासाची नोंदणी आहे. शहरात राबणाऱ्या स्थलांतरित मजुराच्या मुलाला अनेकदा परीक्षेसाठी आपल्या मूळ प्रांतात परतावे लागते, आणि बीजिंगमधील नामांकित विद्यापीठांत बीजिंगची नोंदणी असलेल्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता इतर अनेक प्रांतांतील मुलांपेक्षा पुष्कळ जास्त असते. आपण ज्या आंतरराष्ट्रीय गुणांचा उल्लेख करतो, उदाहरणार्थ पंधरा वर्षांच्या मुलांच्या २०१८ सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात चीनचे ५९१ आणि अमेरिकेचे ४७८, ते चीनचे गुण बीजिंग, शांघाय, जिआंग्सू आणि झेजियांग या चार संपन्न प्रदेशांचे होते, तर अमेरिकेचे साऱ्या देशाचे. तुलना अगदीच फोल ठरत नाही, पण तिच्या पायावर मुलाचे बालपण रचू नये.

आणि ज्या शिकवण्यांचा आपल्याला हेवा वाटतो त्या चीननेच २०२१ साली मोडून काढायला घेतल्या. त्या वर्षीच्या जुलैत आलेल्या ‘दुहेरी भार-कपाती’च्या धोरणाने नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी घातली, सुट्टीच्या दिवशी असे वर्ग घेण्यास मनाई केली, पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला, तिसरी ते सहावीसाठी ६० मिनिटे आणि सातवी ते नववीसाठी ९० मिनिटे अशी मर्यादा ठरवली. शेअर बाजारात शिकवणी कंपन्या कोसळल्या. ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांनी मात्र घरी येणारा शिक्षक गुपचूप शोधला, आणि शिकवणी बंद होण्याऐवजी महाग झाली. परीक्षा तशीच ठेवून तिची भीती फर्मान काढून घालवता येत नाही, हे एवढ्या बलाढ्य सरकारलाही अनुभवावे लागले. आपण मात्र तोच शिकवण्यांचा बाजार न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात उभा करत आहोत, आणि तेही अशा देशात, जिथे ती एक परीक्षाच नाही.

आता अमेरिकेकडे वळते. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. शाळा हा राज्यांचा आणि त्यातही स्थानिक लोकांचा विषय मानला गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३७ पासून सार्वजनिक शाळांसाठी झटणारे होरेस मॅन यांच्यासमोरचा आदर्श असा होता की गावातील श्रीमंत आणि गरीब घरांची मुले एका बाकावर बसून नागरिक होतील. आजही देशात सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग, आहेत, बहुतेकांची मंडळे (स्कूल बोर्ड) निवडून येतात, आणि मंडळाच्या सभेत कोणीही उभे राहून आपले म्हणणे दोन-तीन मिनिटांत मांडू शकतो. अभ्यासक्रमावर गावकरी भांडतात हे चिनी सहकाऱ्यांना अजब वाटते. मला ते या व्यवस्थेचे वैभव वाटते.

पण याच स्थानिक सत्तेची दुसरी बाजू मालमत्ता कराची आहे, आणि तिच्याविषयी आपण पालक चकार शब्द काढत नाही. गावाच्या शाळेचा मोठा खर्च गावातील घरांच्या किमतीवर अवलंबून असतो. सॅन अँटोनियो शहरातील एजवूड या गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या वस्तीतील पालकांनी, देमेत्रिओ रॉड्रिगेझ यांच्या नावाने, याविरुद्ध दावा लावला. त्याच शहरातील अलामो हाइट्स या श्रीमंत भागात कराचा दर कमी असूनही शाळेला दर मुलामागे कितीतरी जास्त पैसे मिळत होते. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि ही पद्धत घटनाबाह्य ठरत नाही. पुढे अनेक राज्यांनी आपापल्या घटनांच्या आधारे काही सुधारणा केल्या, पण मूळ घडी तीच राहिली. घर घेताना आपण शयनगृहे मोजण्याआधी शाळेचे मानांकन पाहतो. म्हणजे ज्याला आपण अमेरिकन शाळेचे मोकळे वातावरण म्हणतो ते आपण गृहकर्जासोबत विकत घेतलेले असते. चीनमध्ये चाळणी परीक्षेची आहे, इथे ती पत्त्याची आहे, आणि आपण सुदैवाने बरोबर पत्त्यावर राहतो.

विद्यापीठ प्रवेशात गुणांपलीकडचे सर्वांगीण व्यक्तिमत्त्व पाहण्याच्या पद्धतीचाही इतिहास निर्मळ नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथे ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या रोखण्यासाठी चारित्र्य, घराणे, छायाचित्र, शिफारस अशा गोष्टींना वजन आले. याच पद्धतीच्या उतरंडीत आशियाई अर्जदारांचे ‘व्यक्तिमत्त्वाचे’ सरासरी गुण कमी कसे पडतात, हा प्रश्न हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात गाजला. वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली रद्द केली, व्यक्तिमत्त्वाचे मोजमाप मात्र कायम आहे. त्यामुळे आठवीतल्या मुलाला बासरी, वादविवाद आणि स्वयंसेवा असे तिन्ही एकदम लावणाऱ्यांनी आपण त्याला मोकळीक देत आहोत असे समजू नये. तीही परीक्षाच आहे, फक्त तिचा पेपर छापलेला नसतो.

अमेरिकन व्यक्तिवादाचे सर्वांत सुंदर फळ कोणते, असे मला विचारले तर मी वादविवाद स्पर्धेचे किंवा विज्ञान प्रदर्शनाचे नाव घेणार नाही. १९७५ साली झालेल्या कायद्याने अपंग मुलांना सरकारी शाळेत योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क मिळाला आणि अशा प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र शैक्षणिक आराखडा करणे शाळेवर बंधनकारक झाले. स्वमग्न मुलाच्या आईसमोर शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ एका टेबलाशी बसतात, आणि तिच्या सहीशिवाय पहिला आराखडा लागू होत नाही. प्रत्यक्षात पैशांची ओढाताण होते, वर्षे जातात, भांडावे लागते. तरीही एकेका मुलाकडे एवढ्या बारकाईने पाहण्याची सक्ती कायद्याने करणे, हे या संस्कृतीचे मोठे देणे आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी ही गरज आहे त्यांना हे ठाऊक आहे, पण ते आपल्या वादात बोलत नाहीत, कारण आपला वाद फक्त पहिल्या क्रमांकांचा असतो.

स्वतःची निवड आणि आईचा शब्द यांत निवड करावी लागते, असेही आपण उगाच धरून चालतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सॅन फ्रान्सिस्कोतील सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरांची कोडी सोडवायला दिली. काहींनी कोड्याचा प्रकार स्वतः निवडला, काहींना तो प्रयोगकर्तीने नेमून दिला, तर काहींना सांगण्यात आले की हा तुझ्या आईने निवडला आहे. युरोपीय वंशाच्या अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सर्वांत जास्त सोडवली. चिनी आणि जपानी वंशाच्या मुलांनी आईने निवडलेली. ‘पाहा, आईचेच ऐकावे,’ असे म्हणण्याआधी लक्षात घ्या की त्या खोलीत आई नव्हती, तिने धाक घातला नव्हता, शेजारच्या मुलाशी तुलना केली नव्हती. मुलाला फक्त एवढे वाटत होते की आपल्या माणसाने आपल्यासाठी हे निवडले.

दोन्ही परंपरांतली देवघेवही जुनी आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई १९१९ च्या मे महिन्यात, चीनमधील विद्यार्थी रस्त्यावर उतरण्याच्या सुमारास, तिथे पोहोचले आणि १९२१ पर्यंत व्याख्याने देत फिरले. त्यांचे यजमान होते हू शी, कोलंबिया विद्यापीठातील त्यांचेच विद्यार्थी. हू शी तिथे शिकत होते त्याच सुमारास, १९१३ ते १९१६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरही कोलंबियात ड्युईंच्या वर्गात बसत होते, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. मुलाच्या अनुभवातून शिक्षण हा विचार चीनला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तिथले शिक्षक त्यावर आजही वाद घालतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गणित-शिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास माझ्या मते आपल्या प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांच्या उत्तरांची तुलना केली. त्यातला एक प्रश्न होता: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि या भागाकारासाठी एक गोष्ट रचून सांगा. निमकी-पाउणकीचे पाढे म्हटलेल्या आपल्या आजोबांनी ‘साडेतीन’ असे उत्तर बसल्या जागी दिले असते. ज्या २१ अमेरिकन शिक्षकांनी हे गणित करून पाहिले त्यांपैकी ९ जणांचे उत्तर पूर्ण बरोबर आले. चीनच्या सर्व ७२ शिक्षकांचे बरोबर आले. पण उत्तरापेक्षा गोष्टीत अंतर जास्त होते. अनेक अमेरिकन शिक्षकांनी पावणेदोन ‘पाय’ (pie, हा गोड पदार्थ) दोघांत वाटून द्यायला सांगितले, म्हणजे अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागले, आणि काहींच्या ते लक्षातही आले नाही. संकल्पनेच्या दृष्टीने बरोबर गोष्ट त्यांच्यात एकालाच रचता आली. चिनी शिक्षकांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांना ती जमली, आणि कितीतरी तऱ्हांनी: मजुरांची तुकडी दिवसाला अर्धा किलोमीटर रस्ता करते, तर पावणेदोन किलोमीटरला किती दिवस लागतील?

यात घोकंपट्टी कुठे आहे? ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ एवढेच ज्याने पाठ केले त्याला ही गोष्ट सुचत नाही. आणखी धक्कादायक भाग पुढे आहे. अमेरिकन शिक्षक सगळे पदवीधर होते. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांचे स्वतःचे शिक्षण, शिक्षक-प्रशिक्षण धरूनही, अकरा-बारा वर्षांचेच होते. मग त्यांना हे आले कुठून? नोकरीत, शाळेतच. चीनच्या प्राथमिक शाळेत गणिताचा शिक्षक साधारणपणे गणितच शिकवतो, त्याचे तास दिवसाला मोजके असतात, आणि उरलेला वेळ तो सामाईक खोलीत घालवतो, जिथे त्याच विषयाच्या शिक्षकांची टेबले शेजारी-शेजारी असतात. उद्याच्या पाठात पहिला प्रश्न कोणता विचारायचा, मुले कुठे घसरतील, पाठ्यपुस्तकातले हे उदाहरण इथेच का घातले आहे, यावर ते गट करून बोलतात. तरुण शिक्षक इतरांसमोर पाठ देतो, कधी सभागृहभर शिक्षक मागे बसलेले असतात, आणि पाठ संपल्यावर त्याच्या एकेका वाक्याची चिरफाड होते. तपासलेल्या वह्या, फळ्याची मांडणी, काहीही सुटत नाही.

अमेरिकन प्राथमिक शिक्षिका वाचन, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र असे सगळे एकटी शिकवते, जवळजवळ दिवसभर मुलांसमोर असते, आणि तिची तयारी रात्री घरी होते. तिच्या वर्गाचे दार बंद असते. यालाच आपण शिक्षकाचे स्वातंत्र्य म्हणतो, आणि ते मलाही प्रिय आहे, पण बंद दारामागे एकटे पडणेही त्यातच येते, हे या धंद्यातली कोणतीही बाई सांगेल. चीनने हा वेळ फुकट मिळवलेला नाही. वर्गात चाळीस-पन्नास मुले बसवून त्याने शिक्षकांचे तास वाचवले आहेत. आपण पालक नेमका उलटा सौदा मागतो: वर्ग लहान करा, आणि शाळा पाचपर्यंत चालवा.

मेहनतीवरचा विश्वास हे चिनी मूल्य असेल तर ते मुलाच्या दप्तराआधी शिक्षकांच्या वेळापत्रकात दिसते. आपण मात्र दप्तरच उचलून आणले.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. तुमच्या स्कूल बोर्डाच्या पुढच्या सभेत बोलण्याची पाळी आली की आणखी एका वरच्या तुकडीची मागणी बाजूला ठेवून विचारा: एकाच इयत्तेला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना आठवड्यातून किती वेळ एकत्र बसायला मिळतो, आणि त्या वेळात ते पाठावर बोलतात की नुसत्या चाचण्यांच्या आकड्यांवर? अंदाजपत्रकात नवे सॉफ्टवेअर आणि शिक्षकांचा सामाईक वेळ यांत निवड असेल तर वेळ मागा. राज्याचा निधी गरीब डिस्ट्रिक्टकडे थोडा जास्त वळवण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा आपल्या घराची किंमत आठवून विरोध करू नका. शनिवार-रविवारी महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा चालवणाऱ्या स्वयंसेवक शिक्षकांना तर यासाठी कोणाची परवानगीही लागणार नाही: महिन्यातून एक पाठ तिघांनी मिळून बसवावा, एकाने द्यावा, दोघांनी मागे बसून पाहावा.

आणि अनेक डिस्ट्रिक्टमध्ये आठवड्यातून एक दिवस मुलांना लवकर सोडतात, तो शिक्षकांनी एकत्र बसण्यासाठी राखलेला असतो. तो रद्द करावा म्हणून सह्यांचे अर्ज फिरतात, आणि त्यावर आपल्या माणसांची नावेही मी पाहिली आहेत. नोकरी करणाऱ्या आईबापांची त्या दुपारी किती तारांबळ होते हे मला कळते. तरी या वर्षी अर्ज आला तर त्यावर सही न करता, त्या दोन तासांत मुलांना शाळेतच कसे सांभाळता येईल याची मागणी स्कूल बोर्डाकडे करावी, ही विनंती.

आपली,
अमेरिकेतील एका सरकारी शाळेतील गणिताची मराठी शिक्षिका